मालक : कोणीच नाही

झुगदिदीच्या बाजारात, चपलांच्या दुकानामागे
एक झेरॉक्स मशीन, दोन कॉम्प्युटर, खोकणारा हीटर
आणि ग्वांत्सा.
बाहेर तराजूत हेझलनट ओतल्याचा खळखळाट.

नाझीब्रोला आली. पिशवीत फोटो, फोटोला प्लास्टिक.
"साइटवर चढत नाही म्हणे.
नातू तीन दिवस झटतोय.
परवानगी नाही, असं येतं."
मग स्वतःशीच हसली :
"हे तर आम्हाला त्र्याण्णव सालापासून येतंय."

साइट वालिको मास्तरांची.
नदीपलीकडे राहिलेल्या घरांचे फोटो,
गल्लीगणिक एक फोल्डर, घरागणिक एक नाव.
मास्तर गेल्या हिवाळ्यात गेले.
पासवर्ड स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरमागे सापडला,
पेन्सिलीने, गॅसच्या मीटरच्या आकड्याखाली.

ग्वांत्साने आत शिरून पाहिलं.
भाड्याची जागा. एकाच सर्व्हरवर सातशे बिऱ्हाडं,
दंतवैद्य, मधवाले, टायरवाले,
आणि त्यांच्यात ही साडेचारशे रिकामी घरं.
"आम्हीही असेच होतो," नाझीब्रोला म्हणाली,
"सॅनिटोरियममध्ये सोळा वर्षं. मजल्याला एक नळ."

वाचायला चार, लिहायला दोन, आत जायला एक.
ग्वांत्सा बोटांवर मोजून सांगत होती.
पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटातल्यांचा,
तिसरा उरलेल्या जगाचा.
आणि नुसतं वाचता येत असेल, तर
आतली नावं दिसतात फक्त.
पाऊल टाकता येत नाही.

"नदीकाठी उभं राहिलं की तसंच," नाझीब्रोला म्हणाली.
"झाडं ओळखू येतात."

आकडे ठीक होते. सात, पाच, पाच.
मग ग्वांत्साने शेजारचा रकाना पाहिला :
मालक, नोबडी.
खालच्या गल्लीचा मालक, नोबडी.
चर्चमागच्या गल्लीचा, नोबडी.
"म्हणजे कोण?"
"कोणीच नाही."

पूर्वी साइटचा कारकून ह्याच नावाने राबायचा,
सातशे बिऱ्हाडांचा एकच कारकून.
फोल्डर त्याने उघडले, सातबारा त्याच्या नावावर चढला.
मग कंपनीने नियम बदलला : ज्याची साइट, त्याचंच नाव.
कारकून गेला. गल्ल्या मात्र राहिल्या त्याच्याच नावावर.

ग्वांत्साला सुचलं, मारावेत तीन साते,
सगळ्यांना सगळं मोकळं, सुंठीवाचून खोकला जाईल.
मारूनही पाहिले तिने. नकार.
दार सताड उघडायचं तरी
ते मालकानेच उघडावं लागतं.

तिबिलिसीला फोन. वाट बघा, वाट बघा, तेच ते संगीत.
नाझीब्रोलाने तेवढ्यात दोनदा चष्मा पुसला.
शेवटी गोचा नावाचा पोरगा आला, आवाजात झोप :
"चावी माझ्याकडेच. कुणाच्या नावावर करू?"
ग्वांत्सा थबकली.
खातं ज्याचं, तो माणूस कबरीत.
"वालिको," ती म्हणाली. "व साधा."
एका ओळीचं काम होतं.
चहा निवायच्या आत साडेचारशे घरांना मालक मिळाला.

फोटो चढला. पर्सिमॉनचं झाड, अर्धा ओटा,
कडेला कुणाचंसं कोपर.
"माझंच," नाझीब्रोला म्हणाली. "कणीक मळत होते.
भाऊ म्हणाला, हलू नकोस. मी हललेच."

मग पिशवीचे बंद आवळता आवळता :
"ते तिसरे, उरलेलं जग,
त्यांना किती दिलेस?"
"पाच."
"म्हणजे?"
"बघता येईल. आतही येता येईल.
भिंतीवर काही लिहिता येणार नाही."

ती थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली.
"मला तेवढंच हवं होतं," म्हणाली,
आणि पैसे किती झाले ते विचारलं.